निरोप : तांबड्या पेशीतील कॅल्शियमचा इतिहास

(१)

मराठीतला 'निरोप' हा शब्द मला फार वर्षांपासून मोहवत आला आहे. निरोप धाडला जातो आणि निरोप घेतलाही जातो. पहिल्या प्रयोगात तो संदेश असतो, दुसऱ्यात ताटातुटीचा क्षण. अनेकार्थतेचा पाठ शिकवताना मी हे उदाहरण नेहमी फळ्यावर लिहितो आणि वर्गातून एक प्रश्नही ठरल्याप्रमाणे येतो : एकाच शब्दाच्या पोटात पोचणे आणि निघून जाणे या दोन्ही गोष्टी कशा नांदतात? व्युत्पत्तिकोश चाळून मी काहीबाही उत्तर देत असे. समाधान होईल असे उत्तर मला सापडले ते कोशात नव्हे, रक्ताविषयीच्या वाचनात. मानवी रक्तपेशीत कॅल्शियम हा निरोप्या आहे. मोजक्या प्रमाणात आला तर तो संदेश असतो. वाजवीपेक्षा अधिक आला, अधिक वेळ रेंगाळला, तर त्याच पेशीने जगाचा निरोप घ्यायची वेळ आलेली असते.

मराठीच्या प्राध्यापकाने या वाटेला का जावे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण सांगितले पाहिजे, कारण ते मला भूषणावह नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवतो. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी होती. तासाला उशिरा येई, आली की भिंतीला टेकून बसे, आणि थंडीच्या दिवसांत आठ-आठ दिवस दिसत नसे. लिहायला दिलेले निबंध अर्धवट असत. जेवढे असत तेवढे मात्र चांगले असत, आणि म्हणूनच माझा राग अधिक. एकदा भर वर्गात मी बोलून गेलो, "साहित्य वाचायला अंगात रग लागते. आळसाला इथे जागा नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिची मैत्रीण स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "सर, निरोप सांगायचाय. ती दवाखान्यात आहे. तिला सिकल आहे."

हाजिरीपटावर तिच्या नावापुढे मी ओढलेल्या तांबड्या शाईच्या रेघा तेव्हा मला पहिल्यांदा वाचता आल्या. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. प्रस्तुत लेख ही त्या वाचनाची जुळवणी आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. इतिहास सांगण्याचा प्रयत्न तेवढा करतो.

(२)

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे, दात आणि दूध आठवते. त्याचे निरोप्याचे काम उघडकीस आले ते एका चुकीतून. लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नव्हतेच. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचे पाणी त्यात वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेऊन तेच क्षार मिसळले तेव्हा हृदय लवकरच थंडावले. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हेच त्या धडधडीचे रहस्य होते. १८८३ साली रिंगर यांनी आधीच्या निष्कर्षाची दुरुस्ती स्वतःच प्रसिद्ध केली. शास्त्राच्या इतिहासात ही दुरुस्ती मूळ लेखापेक्षा मोठी ठरली. १८९० मध्ये आर्थ्यूस आणि पाजेस या फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की कॅल्शियम काढून घेतले तर रक्त गोठत नाही. आजही रक्तपेढीतल्या पिशवीत सायट्रेट घातलेले असते ते याचसाठी. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि रक्त पातळ राहते.

निरोप पोचायचा तर आधी शांतता हवी. जत्रेच्या कोलाहलात कुणी हळू हाक मारली तर ऐकू येत नाही. रात्रीच्या पाड्यात तीच हाक डोंगरापलीकडे जाते. पेशी ही शांतता कष्टाने राखते. रक्तद्रवात मोकळ्या कॅल्शियमचे जेवढे प्रमाण असते, त्याच्या सुमारे वीस हजारांश एवढेच तांबड्या पेशीच्या आत असते. एवढी मोठी तफावत आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातून कॅल्शियम थेंबाथेंबाने झिरपत राहते आणि ते सतत उपसून बाहेर टाकावे लागते. हे उपसणारे यंत्र १९६६ साली बर्न येथील शाट्झमन यांनी मानवी तांबड्या पेशींतच दाखवून दिले. एटीपी हे पेशीचे इंधन जाळून हा पंप चालतो. कॅल्शियम वाढले की कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन त्याला धरते आणि त्या जोडीमुळे पंपाचा वेग वाढतो, ही गोष्ट १९७७ मध्ये गोपीनाथ व व्हिन्सेंझी, आणि स्वतंत्रपणे जॅरेट व पेनिस्टन यांनी सिद्ध केली. आगंतुकाने स्वतःच आपल्या हकालपट्टीची वर्दी द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

रक्तातल्या इतर पेशी कॅल्शियमची भाषा अधिक विस्ताराने बोलतात. रक्तबिंबिका, ज्यांना आपण सर्रास प्लेटलेट म्हणतो, जखमेचा सुगावा लागताच आतल्या कोठारातले कॅल्शियम मोकळे करतात. क्षणात त्यांचा आकार बदलतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. पांढऱ्या पेशींपैकी लसीकापेशीत कॅल्शियम कसे वाढते हे १९८२ साली रॉजर त्सिएन, तुल्लिओ पोझ्झान आणि टिमोथी रिंक यांनी त्सिएन यांनीच घडवलेल्या, प्रकाशणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजले. या पेशीत निरोप दीर्घकाळ घुमत राहावा लागतो, तेव्हा कुठे तो केंद्रकापर्यंत पोचून जनुके जागी होतात. बाहेरचे कॅल्शियम आत घेणारे दार २००६ मध्ये सापडले आणि त्याला 'ओराय' असे नाव मिळाले. ग्रीक पुराणकथेत स्वर्गाच्या दाराची राखण करणाऱ्या देवता त्या ओराय. आपल्याकडचा संशोधक असता तर त्याने बहुधा जय-विजय ही नावे दिली असती. या दारात जन्मजात दोष असलेल्या बालकांची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. दार शोधायला अशाच एका कुटुंबातील आजाराचा आधार झाला.

तांबडी पेशी मात्र या दोघींहून वेगळी. पक्व होताना ती आपले केंद्रक टाकून देते. तिच्याजवळ कॅल्शियमचे कोठार नाही आणि नवे प्रथिन घडवण्याची सोय नाही. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवसांची वाटचाल करायची असते. अशा पेशीला निरोपाचे काय काम? पन्नाशीच्या दशकापर्यंत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

(३)

१९५८ साली बुडापेस्टच्या ग्यॉर्गी गार्दोश या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. हंगेरीतल्या उठावाला दोनच वर्षे झाली होती. शहर अजून सावरत होते. गार्दोश यांनी मानवी तांबड्या पेशींचे इंधन संपवून टाकले. तशा पेशींतून पोटॅशियम झपाट्याने बाहेर वाहू लागले. द्रावणातले कॅल्शियम बांधून ठेवणारा पदार्थ घातला, तेव्हा ही गळती थांबली. अर्थ स्पष्ट होता : इंधन संपले की पंप बंद पडतो, कॅल्शियम आत साचते, आणि साचलेले कॅल्शियम पोटॅशियमचे एक दार उघडते. या दाराला पुढे 'गार्दोश मार्ग' असे नाव पडले. आवरणातील असे दार कॅल्शियमच्या आज्ञेने उघडते हे दाखवणारे ते पहिले उदाहरणांपैकी एक. त्याचे जनुक ओळखायला मात्र १९९७ साल उजाडावे लागले.

दार उघडले की काय होते, हे समजून घेणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पोटॅशियम बाहेर जाते, त्याच्यामागून क्लोराइड जाते आणि दोघांच्या पाठोपाठ पाणी. पेशी आक्रसते. निरोगी पेशीत हे अगदी अल्प प्रमाणात घडते, आणि बहुधा त्याचा उपयोगच असावा. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर. केशवाहिन्यांचा त्याहून कमी. अरुंद बोळातून जाताना ती दुमडते, ताणली जाते. हा ताण ओळखणारे 'पीझो-१' हे प्रथिन २०१० मध्ये आर्डेम पाटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ताण पडताच पीझो-१ क्षणभर उघडते, कॅल्शियम आत शिरते, गार्दोश मार्ग किंचित किलकिला होतो आणि पेशीचे आकारमान थोडे घटते. तांबड्या पेशीतला हा संबंध २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट झाला. अंग चोरून बोळातून निघावे, तसे हे.

पण कॅल्शियम हटलेच नाही तर? तेव्हा आवरणाच्या आतल्या अंगाला राहणारा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या अंगाला येतो. प्लीहेतल्या भक्षक पेशींना ती खूण पुरते. म्हातारी पेशी अशा रीतीने गुपचूप उचलली जाते. इथे निरोपाचे दोन्ही अर्थ एक होतात.

(४)

आता त्या विळ्याच्या आकाराच्या पेशीकडे वळू.

१९०४ साली ग्रेनेडा बेटावरून वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोला आला. तो वरचेवर आजारी पडे. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरने त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या पेशी पाहिल्या आणि त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. लेखात नोएल निनावी होता. त्याचे नाव संशोधकांनी कितीतरी दशकांनंतर शोधून काढले. आजारपणे झेलत त्याने पदवी घेतली, मायदेशी परतून व्यवसाय थाटला आणि १९१६ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. ज्या रोग्यापासून या आजाराचा लिखित इतिहास सुरू होतो तो एक विद्यार्थी होता, हे मला शिक्षक म्हणून विसरता येत नाही.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात दोन हिमोग्लोबिनांची चाल वेगळी असते हे दाखवून या विकाराला 'रेणूचा आजार' म्हटले. त्याच तत्त्वावरची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी आज आपल्या जिल्ह्यातही रुग्ण कोण आणि वाहक कोण हे ठरवते. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी फरक नेमका कुठे आहे ते शोधले : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. जनुकाच्या लिपीत एका अक्षराचा पालट. मराठीच्या विद्यार्थ्याला हे समजावणे अवघड नाही. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक तो केवढा? एका वेलांटीचा. अर्थ मात्र उजेडाकडून दैन्याकडे जातो.

प्राणवायू सोडल्यावर हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पण ते तत्क्षणी होत नाही. मध्ये काही काळ जातो. जेम्स हॉफ्रिक्टर, फिलिप रॉस आणि विल्यम ईटन यांनी १९७४ साली दाखवले, की हा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीवर अतोनात अवलंबून असतो. संहती दहा टक्क्यांनी वाढली तरी विलंब कित्येक पटींनी घटतो. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. विलंब त्याहून मोठा असेल, तर वाकण्याआधीच ती फुप्फुसाकडे परतून पुन्हा प्राणवायू घेते आणि काहीच घडत नाही. विलंब छोटा असेल, तर ती वाटेतच ताठरते आणि वाहिनी तुंबते. रुग्णाच्या हाडांत, छातीत, पोटात उठणारी ती भयंकर कळ या शर्यतीतल्या हारण्याची असते.

आता गार्दोश मार्गाचे मोल ध्यानात येईल. पेशी वाकली की तिचे आवरण सैल होऊन कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम पोटॅशियमचे दार उघडते. पोटॅशियमपाठोपाठ पाणी जाते. पाणी गेल्याने हिमोग्लोबिन अधिक दाट होते, आणि दाट झाल्याने पेशी पुढच्या फेरीत अधिक लवकर वाकते. म्हणून पुन्हा कॅल्शियम. हे चक्र फिरत राहिले की काही पेशी प्राणवायू मिळूनही सरळ होत नाहीत. १२० दिवसांची वाटचाल दहा-वीस दिवसांवर येते. निरोगी पेशीत जो निरोप 'अंग चोरून पुढे हो' असे सांगतो, तोच इथे 'सुकून जा' असे सांगू लागतो. निरोप्या तोच, शब्दही तेच. ऐकणारी पेशी बदललेली.

(५)

इथवरचा इतिहास सरळ वाटेल, पण तो तसा नाही. १९७३ साली जॉन ईटन आणि सहकाऱ्यांनी सिकल पेशींत कॅल्शियम बरेच अधिक असते असे दाखवले. साहजिकच सर्वांनी मानले, की या पेशी कायम कॅल्शियमने भरलेल्या असतात. पण हिशेब जुळेना. एवढे कॅल्शियम मोकळे असते तर सगळीच पेशी केव्हाच सुकून गेली असती. १९८५ मध्ये व्हर्जिलिओ ल्यू, रॉबर्ट बुकचिन आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला. ते जास्तीचे कॅल्शियम पेशीत मोकळे नव्हते. आवरणाचे छोटे तुकडे आत ओढले जाऊन बनलेल्या पिशव्यांत ते बंद होते. या पिशव्या उलट्या वेष्टनाच्या, म्हणून त्यांचा पंप बाहेर उपसण्याऐवजी कॅल्शियम पिशवीतच भरत राही. मोजमाप खरे होते, वाचन चुकले होते. त्यानंतरच्या अभ्यासातून असे दिसले, की मोकळे कॅल्शियम पेशी वाकते तेवढ्या वेळापुरतेच वाढते. प्रश्न किती साठले याचा नव्हता, केव्हा आले याचा होता.

उपचाराच्या इतिहासातही असाच एक धडा आहे. गजकर्णावर लावायच्या मलमातले क्लोट्रिमॅझोल गार्दोश मार्ग बंद करते, हे कार्लो ब्रुन्यारा यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले आणि १९९६ साली काही रुग्णांत पेशींचे सुकणे कमी झाल्याचेही नोंदवले. त्या धाग्यावरून सेनिकापॉक हे औषध तयार झाले. मोठ्या चाचणीत रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, पेशींचा नाश घटला. वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत. २००७ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली आणि २०११ मध्ये तिचा संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध झाला. पेशी वाचली, पण माणसाचे दुखणे राहिले. एका दाराला कुलूप लावून वाडा सुरक्षित होत नाही, हे शास्त्राने प्रांजळपणे लिहून ठेवले. आज बहुसंख्य रुग्णांचा आधार आहे हायड्रॉक्सियुरिया. १९९५ च्या अमेरिकी चाचणीने त्याची उपयुक्तता सिद्ध केली. ते गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि विळ्याच्या दोऱ्या विणल्या जाण्यात अडथळा आणते. २०२३ च्या अखेरीस जनुकात थेट दुरुस्ती करणाऱ्या उपचारालाही ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र अक्राणीतून पाहिली तर आकाशातल्या ताऱ्याइतकी दूर आहे.

रिंगरची दुरुस्ती, ल्यू आणि बुकचिन यांचा उलगडा, सेनिकापॉकची कबुली : या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. आपण चुकीचे वाचले होते, असे जाहीरपणे म्हणण्याची रीत. आम्ही समीक्षेची मंडळी तिच्यापासून काही शिकू शकतो.

(६)

भारतात सिकल पेशींची नोंद १९५२ साली झाली. लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींत त्या पाहिल्या. नागपूरहून शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. गार्दोश यांचा लेख निघाला तेच हे साल. बुडापेस्टमध्ये दाराचा शोध लागत होता आणि नागपुरात ते दार ज्यांना छळते त्या माणसांचा. दोघांची गाठ पडायला बराच काळ जायचा होता.

पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात दशकानुदशके फिरून रक्ताचे नमुने तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. आजार अधिक असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर यांच्याबरोबर नंदुरबारही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी. एवढे सांगितले की प्रश्नाचा आवाका कळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. उलट मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले. रानावनांत मलेरियाशी झुंजलेल्या पिढ्यांनी आपल्या लेकरांना दिलेली ही ढाल आहे. दोन ढाली एका मुलाच्या वाट्याला आल्या की त्यांचा भार होतो. म्हणून या आजाराला कुणाच्या कुळाचा कलंक मानणे अज्ञानाचे आहे. सोयरीक जुळवताना तपासणीचे कार्ड लपवले जाते ते याच अज्ञानाच्या भीतीने.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट. धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशीच ही घोषणा व्हावी, हा योगायोग.

आकड्यांच्या पलीकडे एक साधी गोष्ट उरते : पाणी. पेशी सुकू नये म्हणून भरपूर पाणी प्यावे, उन्हात-थंडीत सांभाळावे, फार श्रम करू नयेत. सल्ला रास्त आहे आणि त्यामागचे शास्त्र आपण आताच पाहिले. पण हा सल्ला ज्या घरी जातो त्या घराचा दिवस कसा असतो? दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तोडणाऱ्या जोडप्याला तिकडे 'एक कोयता' म्हणूनच मोजतात. हातात कोयता आणि रक्तात विळा, अशी ती माणसे थंडीच्या पहाटे फडात उभी असतात. गावी राहिलेल्यांचा उन्हाळा झऱ्याच्या वाटेवर जातो.

बरी होऊन ती मुलगी वर्गात परतली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. एकट्याने नव्हे, ज्या वर्गासमोर बोललो होतो त्याच वर्गासमोर. तिने मान खाली घातली. तिला ते बहुधा अवघडच वाटले असावे. तास संपल्यावर मी शहाणपणाच्या सुरात विचारले, "डॉक्टरांनी पाणी पुष्कळ प्यायला सांगितलंय ना? पितेस ना?"

"पिते सर," ती म्हणाली. "पण घरी पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढायचा. जास्त प्यायचं तर जास्त वेळा आणायचं. आणि जास्त वेळा आणलं, की दुखतं."

शाट्झमनचा पंप, गार्दोशचे दार, हॉफ्रिक्टरचा विलंब, हे सगळे मी नंतर वाचले. प्रत्येक पानावर मला तो चढ दिसत राहिला. ज्या पाण्यावाचून पेशी सुकते तेच पाणी आणताना ती दमते, आणि दमली की पुन्हा सुकते. पेशीच्या आतले दुष्टचक्र आणि पाड्यावरचे दुष्टचक्र इतके हुबेहूब एकसारखे असेल, असे मला वाटले नव्हते. पहिल्यावर औषधे शोधली जात आहेत. दुसऱ्याला औषध लागत नाही. वस्तीपर्यंत पोचणारा एक नळ लागतो.

तेव्हापासून दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी वर्गात दोन गोष्टी सांगतो. पाण्याची बाटली बाकावर ठेवावी, केव्हाही प्यावी. आणि कुणाला बरे वाटत नसेल तर न विचारता उठून जावे. कारण सांगायचे असेल तर नंतर सांगावे, सांगायचे नसेल तर नाही. हाजिरीपट अजूनही माझ्याच हाती असतो. त्यातली तांबडी रेघ ओढण्याआधी मी आता थोडा थांबतो, आणि निरोप आला आहे का, याची वाट पाहतो.